माणूस दवाखान्यापासून का लपतो? पुणे १८९७ ते येलहंका



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह संपादक मंडळ दरवर्षी करते आणि दरवर्षी मी शिफ्टचे कारण सांगून निसटतो. यंदा निसटता आले नाही, कारण विषय मीच बोलून बसलो होतो. गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसाद घेत उभे असताना मी चौघांना सांगत होतो की बंगळुरात प्लेग आला तो रेल्वेच्या वाटेने, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी म्हैसूर सरकारने नेमलेला कमिशनर मराठी घरातला होता. संपादकांनी तिथल्या तिथे पकडले, "हेच लिहून द्या."

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि वीस वर्षांहून अधिक रेल्वेची नोकरी, एवढेच माझे भांडवल. दिवस चाके आणि अ‍ॅक्सल यांच्यात जातो. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही, घरातल्या एका प्रसंगाने वळवले. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचन कशासाठी झाले ते कळेल.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरात काय परिस्थिती होती ते आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तेव्हा आमच्याकडे येलहंक्याला होते. अप्पा मिरजेहून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर रात्रीच्या ड्यूट्या केल्या, पण आजारपणाची रजा घेतल्याचे आठवत नाही. त्या दिवसांत त्यांना ताप आला आणि चार दिवस त्यांनी तो लपवला. थर्मामीटर घेऊन गेले की "आत्ताच च्या घेतलाय, मग बघू" म्हणायचे. डब्यातल्या क्रोसिनच्या गोळ्या संपत आल्या तेव्हा माझ्या पत्नीच्या लक्षात आले. बोटाला मशीन लावले तर सॅच्युरेशन ८६.

बेड मिळवायला काय करावे लागले ते लिहीत नाही, प्रत्येकाची ती कथा सारखीच आहे. एका दवाखान्यात अखेर जागा मिळाली. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. दुसऱ्या दिवशी वॉर्डमधून फोन, "तुमचे पेशंट कोऑपरेट करत नाहीत." अप्पा ऑक्सिजनचा मास्क काढून टाकत, सुई लावू देत नसत, दोनदा तर उठून दारापर्यंत गेले होते. सिस्टर कानडी आणि मल्याळी बोलणाऱ्या, अप्पांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मी फोनवर त्यांना अक्षरशः झापले. "अप्पा, तुम्ही लहान आहात का? तिथली माणसं तुमच्यासाठी राबतायत आणि तुम्ही त्यांना त्रास देताय!" अप्पा काहीच बोलले नाहीत. ते वाक्य मला आजही परत घ्यावेसे वाटते.

चौथ्या दिवशी त्या वॉर्डात खानापूरकडचा एक वॉर्डबॉय ड्यूटीवर आला. त्याने मराठीत विचारल्यावर उलगडा झाला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना रात्री हलवले होते, ते परत आले नाहीत आणि कोणी काही सांगितले नाही. आता आपली पाळी, असे अप्पांनी मनात धरले होते. त्या मुलाने खोटे सांगितले नाही. ते गृहस्थ गेले, हे त्याने सांगितले. मग अप्पांच्या बोटाला मशीन लावून आकडा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे बघा अप्पा, काल एवढं होतं, आज एवढं झालंय. तुमचं चढतंय." त्या दिवसापासून अप्पांनी मास्क काढला नाही. उलट दर तासाला ते स्वतःच बोट पुढे करून आकडा विचारू लागले. तेराव्या दिवशी घरी आले.

घरी आल्यावर एका रात्री मी विचारले, चार दिवस ताप लपवलात कशाला? तेव्हा त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. गाठीच्या तापाच्या वेळी मिरजेजवळच्या आमच्या गावात आजीच्या धाकट्या दिराला ताप भरला. घरच्यांनी त्याला माळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांमागे लपवून ठेवले. कोणीतरी चुगली केली, माणसे आली आणि त्याला उचलून छावणीत घेऊन गेली. पुढे काय झाले ते घरी कोणालाच कळले नाही. कोणत्या साली हे घडले तेही आज कोणाला सांगता येत नाही. आजी एवढेच म्हणायची, "तिकडं गेलेला माणूस परत येत न्हाई."

हे वाक्य तीन पिढ्या आमच्या घरात राहिले आणि २०२१ साली येलहंक्यात, मोबाईल आणि ऑक्सिमीटर असलेल्या घरात, त्याने आपले काम केले. त्यानंतर मी प्लेगवर जे मिळेल ते वाचू लागलो.

प्लेग आणि पुणे म्हटले की आपल्याला रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात, लोकमान्यांवरचा खटला आठवतो. ते आठवायलाच हवे. पण या साऱ्या कथेत ज्याच्यामुळे हे घडले तो तापाने फणफणलेला माणूस मात्र कुठे दिसत नाही. त्याच्या खाटेवरून हा इतिहास कसा दिसत असेल, हे मी शोधत होतो.

सुरुवात मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. रोगावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळपास पन्नास वर्षे होती. उंदरावरच्या पिसवेमार्फत रोग माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९६-९७ साली दवाखान्यात नेऊन रुग्णाला देता येईल अशी एकच गोष्ट होती: खाट, पाणी आणि शुश्रूषा. बहुतेक रुग्ण दगावत. मग त्याला घरातून न्यायचे कशासाठी? तर बाकीच्या शहराला वाचवण्यासाठी. दवाखाना रुग्णासाठी नव्हता, रुग्णापासून इतरांना दूर ठेवण्यासाठी होता. आपण ज्यांना अडाणी म्हणतो त्या लोकांना हे बरोबर कळले होते, असे माझे मत झाले आहे. गाडी भरून माणसे आत जातात आणि बाहेर येत नाहीत, हा हिशेब मांडायला शाळा लागत नाही.

न कळलेल्या जागी अफवा शिरतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. दवाखान्यात माणसे मारून त्यांच्या अंगातून तेल काढतात, अशी बोलवा होती. दुसरी अफवा आणखी विलक्षण. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते (हे काम दामोदर चापेकरांचे, हे नंतर उघड झाले). त्याचा सूड म्हणून राणीने दवाखान्यातल्या रुग्णांची काळजे मागवली आहेत, असे लोक बोलत. आज हसू येते. पण २०२० साली आपल्याच वॉट्सॲपवर काय काय फिरत होते ते आठवले की हसू आवरते.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला अधिकार आहेत, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. रुग्णाला काय मिळेल, याबद्दल एक ओळ नाही.

त्यानंतर पुण्याच्या प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. १३ मार्चपासून १९ मे पर्यंत लष्कराचे आठशेहून अधिक लोक घरोघर झडती घेत फिरले. घरात रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे, सामान जाळायचे किंवा धुऊन काढायचे, घरावर खूण करायची. स्त्रियांचा मान राखा, धार्मिक भावना दुखवू नका, असे हुकूम कागदावर होते, हेही सांगितले पाहिजे. पण हुकूम कागदावर असणे आणि गल्लीत बंदूकधारी परका सोल्जर देवघरात बुटासकट उभा असणे यात फरक आहे. काखेत, जांघेत गाठ आहे का हे तपासणार कोण आणि कुठे, या प्रश्नावर सारे शहर पेटले. पंडिता रमाबाई तर ख्रिस्ती झालेल्या, सरकारविरोधी म्हणून त्यांना कोणी हिणवू शकत नव्हते. त्यांनीही मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून आपल्या आश्रमातल्या एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात कसे वागवले गेले, याबद्दल तक्रार केली. गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोल्जरांच्या अत्याचारांविषयी ते तिथे बोलले, परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. साक्ष द्यायला कोण पुढे येणार? ज्या घरात हे घडले त्या घराला ते लपवायचेच असते.

लोक मग काय करत? रुग्ण माळ्यावर लपवत, मागच्या दाराने दुसऱ्या पेठेत नेत, गावी पाठवत. मेलेल्याला गुपचूप पुरत किंवा जाळत. यातून रोग अधिकच पसरला, हे खरे. समितीच्या दृष्टीने हा आडमुठेपणा. आमच्या शॉपमध्ये प्रत्येक चाकाची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. आत बारीक चीर असली तरी मशीन ती दाखवते आणि चाक रिजेक्ट होते. चाक इन्स्पेक्टरला घाबरून पळत नाही. मला वाटते रँडसाहेबांनी पुण्याची तपासणी अशी केली, की समोर चाके आहेत. माणसाला मात्र रिजेक्ट व्हायची भीती असते, आणि तो आपली चीर लपवतो.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यात, दुसरेही एक उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्याकडून प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. वय साठीच्या पुढे. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सैनिकांची झडती सुरू झाली ती त्यानंतर तीनच दिवसांनी. मुलाच्या घरच्यांनी त्याला सावित्रीबाईंपासून लपवल्याचे कोणी सांगत नाही. आजार तोच, औषधाचा अभाव तोच. उचलून नेणारे हात तेवढे वेगळे होते.

लोकमान्यांची भूमिका इथे नीट समजून घ्यावी लागते. ते दवाखान्याच्या किंवा विलगीकरणाच्या विरुद्ध नव्हते. पुढारी शहर सोडून जात असताना ते पुण्यातच राहिले, वर्गणी जमवून त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले आणि छावणीतल्या लोकांसाठी जेवणाची सोय केली. आपल्या पद्धतीचे अन्न, आपल्या भाषेत बोलणारा वैद्य, भेटायला येऊ शकणारे नातेवाईक. तिथेही मृत्यू होतच होते, पण लोक तिथे आपल्या पायाने जायला तयार होते. मुंबईतही पारशी, जैन, भाटिया अशा निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. त्यात जातीपातीचा विटाळही होता, ते नाकारून उपयोग नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा त्यातला मोठा भाग होता. तरीही 'मी मेलो तर माझ्या माणसांना कळेल का' हा प्रश्न त्याहून मोठा होता असे मला वाटते.

आता बंगळूरकडे येऊ. २२ जून १८९७ ही तारीख मराठी माणसाला पाठ असते. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मेला. हीच तारीख बंगळूरच्या इतिहासातही आहे, आणि मला ती इथे वीस वर्षे राहूनही ठाऊक नव्हती. राणीच्या त्याच हीरक महोत्सवानिमित्त, त्याच दिवशी, म्हैसूरच्या महाराणी रीजंट वाणीविलास सन्निधान यांनी व्हिक्टोरिया हॉस्पिटलची पायाभरणी केली. सिटी मार्केटजवळून जाताना आपण जी दगडी इमारत पाहतो तीच ही. एका शहरात रुग्णालयांच्या भीतीचा स्फोट झाला त्याच दिवशी दुसऱ्या शहरात रुग्णालयाचा पहिला दगड बसला. ८ डिसेंबर १९०० ला लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

मधल्या काळात प्लेग इथेही पोहोचला. ऑगस्ट १८९८. वाट आपलीच, सदर्न मराठा रेल्वेची. पुणे, मिरज, हुबळी, हरिहर, अरसीकेरे, बंगळूर. हुबळी-धारवाडकडे साथ जोरात होती आणि रेल्वेचे लोक, त्यांचे नोकरचाकर रोज ये-जा करत होते. पहिल्या रुग्णांत रेल्वेशी संबंध असलेली माणसे होती. स्टेशनांवर डॉक्टर उभे राहून उतारूंची नाडी आणि काखा तपासत. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांवर कल्याणला हेच चाले. मद्रास इलाख्यात प्लेगचा पासपोर्ट निघाला होता. तो घेतलेल्या उतारूला पोहोचल्यावर रोज जाऊन तब्येत दाखवावी लागे. २०२० मध्ये आपल्या हातावर क्वारंटाइनचे शिक्के मारले गेले, तेव्हा आपल्याला ते नवीन वाटले होते.

म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर म्हणून व्ही. पी. माधवराव यांना नेमले. त्यातला 'पी' म्हणजे पाटणकर. कुंभकोणमचे, तंजावूरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. आपल्या मंडळींना शहाजीराजांची बंगळूरची जहागीर माहीत असते, पण हे पाटणकर माहीत नसतात. प्लेगच्या कामासाठी बंगळुरात टेलिफोनच्या तारा आल्या. गर्दीच्या पेटांमधून माणसे बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्यांच्या उभारणीने वेग घेतला. प्लेगच्या कामावर डॉ. पल्पू नावाचे तरुण डॉक्टर होते. त्रावणकोरचे, ईळव समाजाचे. डॉक्टरकीची पदवी असूनही जातीमुळे त्यांना स्वतःच्या संस्थानात नोकरी नाकारली गेली आणि म्हैसूरने घेतली. ज्याला आपल्याच राज्याने बाहेर ठेवले तो माणूस इथे घराबाहेर काढलेल्या रुग्णांची सेवा करत होता.

म्हैसूरचे सारे गोड होते असे मात्र नाही. इथेही लोक शहर सोडून पळाले, इथेही सक्तीविरुद्ध चीड होती आणि श्रीरंगपट्टणच्या बाजूला १८९८ मध्ये दंगल झाली. कोणी डॉक्टरकडे गेले, कोणी देवीकडे. प्लेग मारम्माची देवळे बंगळुरात आजही आहेत आणि तिथे पूजा होते.

हुबळीची गोष्ट मला विशेष वाटते. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी हुबळीत ल्यूमान नावाच्या लष्करी डॉक्टरांनी हजारो लोकांना ती टोचली. ज्या लोकांना झडतीसाठी बंदुका लागत होत्या तेच लोक सुईसाठी रांगेत उभे राहिले. लस घेतलेल्याला अनेक ठिकाणी विलगीकरणातून सूट होती, हे त्यांनी लगेच हेरले होते, हे खरे. पण त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हाफकिन यांचे स्वतःपासून सुरुवात करणे. फॅक्टरीत नवा सेफ्टी बेल्ट आला की मुकादम आधी आपण बांधून दाखवतो, मग बाकीचे बांधतात.

सरकारही शिकले, पण उशिरा. मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या झडतीवरून मोठी दंगल झाली. त्यानंतर हळूहळू सक्तीची झडती मागे पडली, रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहू देण्यात येऊ लागले आणि स्थानिक पुढाऱ्यांना बरोबर घेण्यात येऊ लागले. प्लेग काही त्यामुळे थांबला नाही, पुढे कित्येक वर्षे तो माणसे नेत राहिला. आमच्या पणजीचा दीर अशाच कुठल्यातरी फेरीत गेला असणार.

या साऱ्यानंतर सत्तावीस वर्षांनी पुण्यातच एक रुग्ण इंग्रज डॉक्टरांच्या हाती आला. तो सरकारचा कैदी होता. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला आणि १२ जानेवारी १९२४ ला त्यांना ससून रुग्णालयात हलवले. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कडाडून टीका करणारा हाच माणूस. त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे सांगितली, पण ते वेळेत मिळेनात. तेव्हा शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी करायचे ठरले. रुग्ण दगावला असता तर काय झाले असते याची कल्पना दोन्ही बाजूंना होती, रँडचे प्रकरण पुणे विसरले नव्हते. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले आणि एक निवेदन तयार केले. आपल्याला चांगली वागणूक मिळाली आहे, मॅडॉक यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, काही बरेवाईट झाले तर कोणी सरकारविरुद्ध रान उठवू नये, अशा आशयाचे. त्यावर थरथरत्या हाताने सही केली.

रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वादळी पाऊस आला आणि वीज गेली. टॉर्चही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. पुण्याच्या पावसात वीज जाणे ही परंपरा किती जुनी आहे ते पाहा! रुग्ण बरा झाला, ५ फेब्रुवारीला सरकारने बिनशर्त सुटका केली. (पुढे १९२७ मध्ये तब्येत बिघडल्यावर हेच गांधीजी विश्रांतीला आले ते आपल्या शेजारच्या नंदी डोंगरावर.)

कोणी म्हणेल, गांधीजींचे सोडा, त्यांना सगळ्यांनी जपलेच असते. बरोबर आहे. पण त्या खोलीत जे घडले त्यात रुग्णाला सगळे सांगितले गेले होते, त्याची माणसे जवळ होती आणि होकार त्याने स्वतः दिला होता. १८९७ च्या रुग्णाला यातले एकही मिळाले नव्हते. आणि २०२१ च्या अप्पांना?

२०२० च्या मार्चमध्ये सरकारने कोरोनासाठी तोच १८९७ चा कायदा कपाटातून काढला. व्हिक्टोरिया हॉस्पिटल कोविडसाठी राखून ठेवले गेले. डॉक्टर-नर्सवर हल्ले झाले म्हणून २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढून त्या कायद्यात त्यांच्या संरक्षणाची कलमे घातली आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. ते योग्यच झाले. पीपीई किट घालून बारा-बारा तास उभ्या राहिलेल्या त्या सिस्टरांना मी कधीच नावे ठेवणार नाही. माझ्या वडिलांचा जीव त्यांनीच वाचवला. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतील, तर शेजारची खाट का रिकामी झाली हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत कोण सांगणार? तरी मनात येते, एवढी घाईने दुरुस्ती केली, तेव्हा रुग्णाच्या घरच्यांना दिवसातून एकदा खरी माहिती मिळावी, अशी एक ओळ त्यात घातली असती तर कोणाचे काय गेले असते?

त्या खानापूरच्या वॉर्डबॉयला आम्ही नंतर शोधले. कंत्राट संपल्यावर तो दुसरीकडे गेला होता. फोनवर भेट झाली. मी आभार मानू लागलो तर त्याला नेमके काय केले ते आठवेना. "काका, मी फक्त मशीन दाखवलं," म्हणाला. दिवाळीला अप्पा आठवणीने त्याला फोन करतात. दोघे काय बोलतात ते मला कळत नाही, कारण अप्पा फोन घेऊन बाल्कनीत जातात.

गेल्या महिन्यात अप्पांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तपासणीला न्यायचे होते. पुन्हा चहाचे कारण निघते की काय, या तयारीने मी उभा होतो. अप्पांनी टोपी घातली, चप्पल घातली आणि दारात थांबून म्हणाले, "चल. पण तू भाईर बसायचं. डाक्टरला जे इचारायचं ते मी इचारणार."